मेंढीच्या गळ्यातला जीपीएस : रिसीव्हर जागा होतो तेव्हाचे सेकंद

१४ सप्टेंबर २०२४

आप्पांच्या कळपासाठी पट्टा करायचे आज नक्की झाले. कळप माण तालुक्यातला. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचा, असे त्यांच्याकडे वर्षानुवर्षे चालत आले आहे. घरच्यांना कळप आज कुठे आहे ते हवे असते, आणि घाटात फोन लागत नाही. मागणी अशी: पुढे चालणाऱ्या दोन-तीन मेंढ्यांच्या गळ्यात पट्टा, दिवसभर दर तासाला जागा नोंदवायची, रेंज मिळेल तिथे पाठवायची, आणि पूर्ण हंगाम बॅटरीला हात लावायला लागू नये.

शेवटची अट सगळ्यात जड आहे. मोडेम दिवसातून दोनदाच उठवता येईल, त्याचा हिशेब सोपा आहे. जीपीएसचे तसे नाही. हाताशी असलेले निओ-६एम मॉड्यूल चालू असताना साधारण ४५ मिलिअँपिअर खाते. तेव्हा खरा प्रश्न एकच: वीज दिल्यापासून जागा सापडेपर्यंत किती सेकंद लागतात, आणि ते कशात जातात? या नोंदी त्या सेकंदांच्या आहेत.

डेटाशीटमधले तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. कोल्ड स्टार्ट २७ सेकंद, वॉर्म स्टार्ट २७ सेकंद, हॉट स्टार्ट १ सेकंद. कोल्ड म्हणजे रिसीव्हरला काहीच माहीत नाही. वॉर्म म्हणजे वेळ, साधारण ठिकाण आणि अल्मनॅक म्हणजे सगळ्या उपग्रहांच्या कक्षांचा ढोबळ आराखडा ठाऊक आहे. हॉट म्हणजे त्याशिवाय एफेमेरिस, म्हणजे प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची ताजी आणि काटेकोर माहितीही हातात आहे. एवढे सगळे ठाऊक असूनही वॉर्मला कोल्डइतकाच वेळ का लागावा? याचे उत्तर मिळाल्याशिवाय फर्मवेअर लिहायला बसायचे नाही.

१५ सप्टेंबर

गच्चीवर मोकळ्या आभाळाखाली मॉड्यूल ठेवून ९६०० बॉडला टर्मिनल उघडले. पहिल्या फिक्सच्या, म्हणजे जागा सापडण्याच्या, आधी काय काय दिसते ते नीट बघण्यासारखे आहे, एरवी आपण एलईडी लुकलुकायची वाट बघत बसतो.

रिसीव्हर मजकुराच्या ओळी पाठवत राहतो. सुरुवातीला जीपीआरएमसीच्या (वेळ आणि जागेच्या) ओळीत स्थितीचे अक्षर ‘व्ही’, म्हणजे जागा नाही, आणि बाकी नुसते स्वल्पविराम. मग जीएसव्हीच्या ओळींत उपग्रहांचे क्रमांक उगवतात, प्रत्येकापुढे सिग्नलची ताकद. ३८, ४१, ४३ असे आकडे पहिल्या काही सेकंदांतच आले. म्हणजे उपग्रह सापडलेत, पण जागा नाही. त्यानंतर वेळेचा रकाना भरला, तारखेचा अजून रिकामा. थोड्याने तारीख आली. अक्षांश-रेखांश सगळ्यात शेवटी, ‘व्ही’चा ‘ए’ (जागा मिळाली) झाला तेव्हा.

हा क्रम योगायोगाचा नाही. प्रत्येक उपग्रह दर ६ सेकंदांना आठवड्यातली वेळ सांगतो, म्हणून ती लवकर मिळते. आठवड्याचा क्रमांक मात्र संदेशाच्या पहिल्या भागातच असतो, तो यायला अर्धा मिनिट लागू शकतो. म्हणून वेळ आधी, तारीख नंतर. थोडक्यात, शोध लवकर संपतो आणि ऐकणे लांबते, असा अंदाज आजच बांधला. तो आकड्यांनी तपासायचा आहे.

२२ सप्टेंबर

वीज तोडून पाच मिनिटांनी पुन्हा जोडली तरी दर वेळी अर्धा मिनिट लागतोय. हॉट स्टार्ट एकदाही नाही. मॉड्यूलला व्ही-बॅकअप नावाची वेगळी पिन असते. मुख्य वीज गेली तरी त्या पिनवर १.४ ते ३.६ व्होल्ट राहिले, तर आतले घड्याळ चालू राहते आणि एफेमेरिस, शेवटची जागा, क्रिस्टलची (मॉड्यूलला ताल देणाऱ्या स्फटिकाची) चूक हे सगळे जपून राहते. बाजारातल्या स्वस्त निळ्या बोर्डावर त्यासाठी मसुराच्या डाळीएवढा चार्ज होणारा सेल लावलेला असतो. त्याच्या टोकांना मल्टिमीटर लावला: ०.३ व्होल्ट. रात्रभर बोर्ड चालू ठेवून पुन्हा मोजले, चढले. वीज काढून तासाभराने मोजले तर परत एक व्होल्टच्या खाली. सेल चार्ज धरतच नाही.

तो काढून सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल लावला, मध्ये शॉट्की डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. डायोड अत्यावश्यक आहे, कारण सीआर२०३२ चार्ज करायचा सेल नाही आणि बोर्डावरची मूळ वाट त्याला चार्ज करायला जाईल. बॅकअपला सुमारे २२ मायक्रोअँपिअर लागतात. २२० मिलिअँपिअर-तासांचा सेल धरला तर १०,००० तास, म्हणजे वर्षभराहून थोडे जास्त. हंगामाला पुरते.

जोडल्याबरोबर फरक दिसला. पाच मिनिटांच्या झोपेनंतर दोन-तीन सेकंदांत फिक्स. कोणाला स्वस्त मॉड्यूलचा ‘उशिरा लागतो’ असा त्रास असेल, तर अँटेना बदलण्याआधी ही पिन मोजावी असे मी आवर्जून सांगेन.

२९ सप्टेंबर

शोध म्हणजे नेमके काय चालते ते डोळ्यांनी बघायचे होते. मॉड्यूल आत डोकावू देत नाही, म्हणून आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) आणली, तिला बायस-टीवरून, म्हणजे अँटेनाच्याच तारेतून, वीज घेणारी अँटेना जोडली, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर ट्यून केली आणि सेकंदाला २०.४८ लाख नमुने या वेगाने थोडे रेकॉर्डिंग घेतले. हा वेग मुद्दाम निवडला: १ मिलिसेकंदात बरोबर २०४८ नमुने बसतात आणि एफएफटी (नमुन्यांतल्या वारंवारता वेगळ्या काढणारे गणित) सोयीची होते.

स्पेक्ट्रममध्ये काहीही दिसत नाही. सपाट गोंगाट. दिसायलाही नको. जमिनीवर पोहोचणारा सिग्नल उणे १२८.५ डीबीएमच्या (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली ताकद, दर १० डीबीला दहापट फरक) आसपास असतो, आणि २ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला उष्णतेचा गोंगाट उणे १११ डीबीएम. सिग्नल गोंगाटाच्या साडेसतरा डीबी, म्हणजे पन्नास-साठपट, खाली दबलेला आहे. २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या या क्षीण लहरींवर अख्ख्या जगाचे दिशाज्ञान चालते, हे त्या सपाट रेषेकडे बघताना अंगावर येते.

बाहेर काढायची किल्ली म्हणजे कोड. प्रत्येक उपग्रहाचा स्वतःचा १०२३ चिपांचा (चिप म्हणजे कोडचा एकेक अंक) क्रम आहे, तो दर मिलिसेकंदाला पुन्हा वाजतो. अमेरिकेचे रॉबर्ट गोल्ड यांनी १९६७ मध्ये मांडलेले हे क्रम. दोन वेगळ्या उपग्रहांचे क्रम एकमेकांशी जवळजवळ जुळतच नाहीत, हा त्यांचा गुण. आपल्याकडे तोच क्रम तयार करून आलेल्या सिग्नलवर बरोबर जुळवून ठेवला की १०२३ चिपांची बेरीज एका दिशेने होते आणि ३० डीबी पदरात पडतात. उणे साडेसतराचे अधिक साडेबारा होतात. टोक वर येते.

पण बरोबर जुळवणे म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी जुळायला हव्यात. कोड कुठून सुरू होतोय ते माहीत नाही: अर्ध्या चिपच्या पायरीने २०४६ शक्यता. आणि वारंवारता किती सरकली आहे तेही माहीत नाही. उपग्रह सेकंदाला ३.९ किलोमीटर वेगाने धावतोय, त्यामुळे स्थिर माणसालाही ±५ किलोहर्ट्झपर्यंत डॉप्लर, म्हणजे वेगामुळे सरकलेली वारंवारता, दिसतो. त्यात आपल्या क्रिस्टलची चूक मिळवायची: दशलक्षात एक भाग एवढी चूक म्हणजे या वारंवारतेला १५७५ हर्ट्झ.

६ ऑक्टोबर

पायथनमध्ये शोध लिहिला. ±१० किलोहर्ट्झ, ५०० हर्ट्झच्या पायऱ्या, म्हणजे ४१. प्रत्येकीत २०४६ कोड-जागा. एका उपग्रहाला ८३,८८६ घरे, ३२ उपग्रहांना जवळजवळ २७ लाख. एकेक घर तपासत बसायची गरज नाही: मिलिसेकंदभराच्या नमुन्यांची एफएफटी, कोडच्या एफएफटीच्या संयुग्मीने गुणायची, उलट एफएफटी घ्यायची, की एका वारंवारतेच्या सगळ्या कोड-जागा एकदम हातात येतात. लॅपटॉपला काही सेकंद पुरतात.

पायरी ५०० हर्ट्झचीच का, हेही तपासले. १ मिलिसेकंदाच्या बेरजेत वारंवारता २५० हर्ट्झने चुकली तर ०.९ डीबी जातात, परवडते. ५०० ने चुकली तर जवळजवळ ४ डीबी. बेरीज १० मिलिसेकंदांची केली तर टोक उंच होते, पण पायरीही दहापट बारीक करावी लागते. वीसच्या पुढे तर संदेशाचा बिट मध्येच उलटतो आणि केलेली बेरीज पुसून टाकतो. म्हणून एकेका मिलिसेकंदाच्या बेरजेचा वर्ग करून अशा दहांची बेरीज घेतली. ती पुरेशी आहे.

आणि मग टोके आली. दहावा उपग्रह, ३००० हर्ट्झ, नमुना क्रमांक १३१२: आजूबाजूच्या गोंगाटाच्या कितीतरी वर, सुईसारखे. खात्रीसाठी तेच रेकॉर्डिंग एक सेकंद पुढे सरकवून बघितले. टोक चार नमुन्यांनी सरकले होते. एका चिपमध्ये कॅरिअरची, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या मूळ लहरीची, १५४० आवर्तने बसतात. ३००० भागिले १५४० म्हणजे सेकंदाला दोन चिपांना जराशी कमी, आणि एका चिपला दोन नमुने. हिशेब तंतोतंत. ज्याला या विषयाची गोडी लावायची असेल त्याला हे एकदा करून बघायला सांगावे, पाठ्यपुस्तकाची दहा पाने वाचून जे होत नाही ते या चार नमुन्यांनी होते.

सापडलेल्या सगळ्या उपग्रहांचे सरकणे मांडले तर ते उणे २००० ते अधिक ५५०० असे पसरलेले आहे. मध्य शून्यावर हवा, तो १७५० वर आहे. म्हणजे ती सगळ्यांना समान असलेली चूक डोंगलच्या क्रिस्टलची, दशलक्षात सुमारे एक. एकदा ती कळली की शोधाचा पट्टा निम्मा होतो. मॉड्यूल बॅकअपमध्ये क्रिस्टलची चूक का जपून ठेवते ते आता कळले. मेंढीच्या पट्ट्यात हे महत्त्वाचे ठरणार: माणच्या पठारावर पहाटे थंडी कडक, दुपारी पट्ट्याची डबी उन्हात तापलेली. निओ-६ मालिकेतल्या ‘एम’मध्ये साधा क्रिस्टल आहे, ‘क्यू’ आणि ‘जी’मध्ये तापमान सांभाळून घेणारा. तरीही डेटाशीटमध्ये त्यांचा कोल्ड स्टार्ट फक्त एका सेकंदाने कमी, २६. पुन्हा तेच दिसते: शोध हा मोठा खर्च नाही.

१२ ऑक्टोबर

दसरा. शस्त्रपूजेत मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न ठेवले. काम बंद.

१९ ऑक्टोबर

२७ सेकंदांचा उलगडा झाला.

उपग्रहाचा संदेश सेकंदाला ५० बिट या गतीने येतो. एक बिट २० मिलिसेकंद. ३०० बिटांची एक सबफ्रेम, ६ सेकंदांची. पाच सबफ्रेमची फ्रेम, ३० सेकंदांची. पहिल्या सबफ्रेममध्ये उपग्रहाच्या घड्याळाची दुरुस्ती आणि आठवड्याचा क्रमांक, दुसऱ्या-तिसऱ्यात एफेमेरिस. चौथ्या-पाचव्यात अल्मनॅकची पाने, ती २५ फ्रेममध्ये, म्हणजे साडेबारा मिनिटांत पूर्ण होतात. जागा काढायला पहिल्या तीन पुरतात, पण त्या पूर्ण हव्यात.

आता समजा वीज दिली तेव्हा फ्रेमचा कोणता क्षण चालू असेल ते नशिबावर आहे. पहिल्या १८ सेकंदांत कुठेही टपकलो तर जेवढे सुटले तेवढ्यासाठी पुढच्या फेरीपर्यंत थांबायचे: तुकडे जोडून घेणाऱ्या रिसीव्हरलाही बरोबर ३० सेकंद. शेवटच्या १२ सेकंदांत टपकलो तर पुढच्या फ्रेमची पहिली तीन सबफ्रेम संपेपर्यंत: १८ ते ३०, सरासरी २४. दोन्हींची सरासरी ०.६ गुणिले ३० अधिक ०.४ गुणिले २४, म्हणजे २७.६ सेकंद.

डेटाशीटचा आकडा इथून येतो असे मी समजतो, निदान हिशेब तिथेच पोहोचतो. चिप कितीही वेगवान करा, ५० बिटांचा हा संदेश घाईने वाचता येत नाही. वॉर्मला अल्मनॅक आणि वेळ ठाऊक असते, त्याने शोधाचे सेकंद-दोन सेकंद वाचतात. ऐकण्याचे अर्धे मिनिट तसेच राहते. म्हणून वॉर्म आणि कोल्ड सारखे. हॉटला ऐकावेच लागत नाही.

हॉट एका सेकंदात कसा होतो, तेही इथेच लिहून ठेवतो. कोड १ मिलिसेकंदाने पुन्हा वाजतो, आणि १ मिलिसेकंदात प्रकाश ३०० किलोमीटर जातो. आपण आहोत ती जागा १५० किलोमीटरच्या आत माहीत असेल, तर कोणता मिलिसेकंद हा संभ्रम उरत नाही. कोडची जागा मोजली की अंतर मिळते. मेंढी दोन फिक्सच्या मध्ये १५० किलोमीटर जाण्याचा प्रश्नच नाही.

मॉड्यूलच्या स्वतःच्या यूबीएक्स भाषेतल्या यूबीएक्स-सीएफजी-आरएसटी या पुन्हा सुरू करायच्या आज्ञेने तिन्ही प्रकार मुद्दाम घडवून मोजले: पुसायच्या बिटांचा मुखवटा सगळा शून्य ठेवला की हॉट, फक्त एफेमेरिसचा बिट लावला की वॉर्म, सगळे बिट लावले की कोल्ड. वेळ यूबीएक्स-नॅव्ह-स्टेटसमध्ये मिलिसेकंदांत मिळते. कोल्ड आणि वॉर्मचे आकडे एकमेकांत मिसळून गेलेत, वेगळे काढता येत नाहीत. आणि दोन्हींचा पसरटपणा २० पासून ३५ पर्यंत, हिशेबात बसेल असाच.

२० ऑक्टोबर

रात्री झोप लागेना, कारण कालच्या हिशेबातच पुढचा रस्ता आहे. कोणत्या क्षणी टपकायचे हे नशिबावर कशाला सोडायचे?

सगळ्या जीपीएस उपग्रहांच्या फ्रेम एकाच वेळी सुरू होतात, आणि त्या आठवड्याच्या आरंभापासून दर ३० सेकंदांना, जीपीएस वेळेप्रमाणे. जीपीएस वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाण वेळेच्या) १८ सेकंद पुढे आहे, १ जानेवारी २०१७ च्या लीप सेकंदापासून, म्हणजे यूटीसीत वाढवलेल्या जादा सेकंदापासून. म्हणजे आपल्या घड्याळात पहिली सबफ्रेम प्रत्येक मिनिटाच्या १२ व्या आणि ४२ व्या सेकंदाला सुरू होते. भारतीय वेळ साडेपाच तासांनी पुढे, सेकंद तेच. ४२ च्या तीन-चार सेकंद आधी वीज दिली तर शोध तेवढ्यात उरकतो, आणि मिनिट पूर्ण होताना तिन्ही सबफ्रेम हातात. ३० च्या जागी २२ सेकंद, आणि मुख्य म्हणजे दर वेळी तेवढेच.

सकाळी लगेच करून बघितले. एफेमेरिस पुसायचे, घड्याळ ३८ वर आले की सुरू करायचे. फिक्स मिनिटाच्या ठोक्याला, कधी सेकंदभर पुढे. मग मुद्दाम ४५ ला सुरू केले, म्हणजे पहिली सबफ्रेम हुकवून: अर्ध्या मिनिटाच्या खाली एकदाही नाही.

पट्ट्यात डीएस३२३१ घड्याळ लावायचे ठरवले. दशलक्षात दोन भागांची चूक, दिवसाला ०.१७ सेकंद, आणि प्रत्येक फिक्सला दुरुस्ती.

२७ ऑक्टोबर

एफेमेरिस साधारण चार तास चालते, आणि उपग्रह दर दोन तासांनी नवे पाठवतात. शिवाय जे उपग्रह नंतर उगवतात त्यांचे आपल्याकडे काहीच नसते. म्हणून दर तीन-चार तासांनी एकदा पूर्ण २२ सेकंद ऐकायचे, याला आम्ही ‘भरणा’ म्हणतो. मधले सगळे फिक्स हॉट. प्रश्न हा की भरणा केव्हा. संदेश वाचताना सलग १८ सेकंद आभाळ मोकळे हवे, एक सबफ्रेम बुडाली तर अर्धे मिनिट वाया. ते विचारायला आज वाड्यावर गेलो.

“आप्पा, दिवसात मेंढ्या उघड्यावर, जागच्या जागी कधी असतात?”

“सर, उजाडायच्या आत वाड्यातच उभी असत्यात. रानात बसवलेली, वर झाड ना झुडूप. मग चरायला सुटली की थांबत न्हाईत.”

“दुपारी बसतात ना?”

“बसत्यात, पण त्येचा तुम्हाला उपेग न्हाई. ऊन चढलं की एकमेकीच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राहत्यात. पाण्यावर नेतो तवा बघा. तिथं मान मोकळी.”

हे मला कुठल्याच डेटाशीटने सांगितले नसते. दुपारी बाराचा भरणा मी कागदावर पक्का केला होता. त्या वेळी अँटेना दुसऱ्या मेंढीच्या पोटाखाली असती. आप्पांच्या सांगण्यावरून चार वेळा ठरल्या: पहाटे सुटायच्या आधी वाड्यावर, सकाळी उशिरा पाण्यावर, दुपार कलताना पुन्हा रान धरतात तेव्हा, आणि सांजेला वाडा लागल्यावर.

पट्ट्याचे मापही तिथेच घेतले. चरताना मान खाली जाते आणि पट्टा फिरतो, अँटेना गळ्याखाली येते. म्हणून बॅटरीची डबी गळ्याखाली, वजनाने ती खालीच राहते, आणि चौकोनी सिरॅमिक अँटेना आपोआप मानेवर. आप्पांनी लोकरीत बोटे घालून पट्टा किती आवळायचा ते दाखवले: दोन बोटे सहज जावीत, कातरणीनंतर पुन्हा बघायचे.

हिशेब: चार भरणे, प्रत्येकी २४ सेकंद धरून १.२ मिलिअँपिअर-तास. दहा हॉट फिक्स, प्रत्येकी ३ सेकंद, जवळजवळ ०.४. दिवसाला १.६. बॅकअपचे अर्धा मिलिअँपिअर-तास त्याच्या वेगळ्या सेलमधून. हेच चौदा फिक्स कोल्ड घेतले असते तर मोकळ्या आभाळाखाली ५.२५, झाडीत कितीही.

९ नोव्हेंबर

एक पट्टा भरण्याला तीन सेकंद लवकर उठतोय. शोध लागायला वेळ गेला नाही, कारण लक्षण नेमके तीनचे होते.

जीपीएस वेळेतून यूटीसी काढायला किती लीप सेकंद वजा करायचे, हा आकडा उपग्रह चौथ्या सबफ्रेमच्या १८ व्या पानावर पाठवतात. ते पान साडेबारा मिनिटांतून एकदा येते. तोपर्यंत रिसीव्हर फर्मवेअरमध्ये लिहिलेला आकडा वापरतो. फर्मवेअर २०१२ च्या जुलैआधीचे असेल तर तो आकडा १५, आजचा १८. वेळ तीन सेकंद पुढे. पट्टा पूर्ण रिकामा सुरू झाला, पहिल्याच फिक्सला घड्याळ लावून झोपला, आणि ते पान आलेच नाही.

उपाय सोपा आणि कायमचा: यूटीसीच्या वाट्याला जायचेच नाही. यूबीएक्स-नॅव्ह-टाइमजीपीएसमधून आठवड्यातले सेकंद थेट घेतो, त्याला ३० ने भागून बाकी २६ आली की उठायचे. उद्या लीप सेकंद बदलला तरी काही बिघडत नाही. घरच्यांना दाखवायची वेळ सर्व्हर लावतो.

२३ नोव्हेंबर

कळप कराडवरून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटात शिरला. चिपळूणच्या बाजूला रेंज आल्यावर साठलेल्या नोंदी आल्या, आणि मी दिवसभर त्याच बघत बसलोय.

मोकळ्या पठारावर सिग्नल ४० ते ४५ डीबी-हर्ट्झ (गोंगाटाच्या तुलनेत ताकद मोजायचे एकक). घाटाच्या दाट झाडीत, एका बाजूला कडा, तिथे २४ ते २९. अशा ठिकाणी हॉट फिक्स पाच ते नऊ सेकंदांत मिळालेत. जागा वीस-तीस मीटरने भटकते, पण मिळते. तिथलाच एक भरणा मात्र पूर्ण फसला: सहा उपग्रह दिसतायत, एकाचेही एफेमेरिस नाही.

डेटाशीटमधली दुसरी ओळ आठवली. या मॉड्यूलची कोल्ड स्टार्टची संवेदनशीलता उणे १४७ डीबीएम, हॉट स्टार्टची उणे १५६, पकडलेला सिग्नल धरून ठेवण्याची उणे १६१. पहिल्या दोघांत ९ डीबी, म्हणजे आठपट क्षीण सिग्नलवर हॉट चालतो. बिट वाचायला प्रत्येक २० मिलिसेकंदांत ठाम उत्तर हवे, नुसते टोक शोधायला अनेक मिलिसेकंदांची बेरीज चालते. पहाटे पठारावर ऐकलेले एफेमेरिस घाट उतरताना कामी आले. आतापर्यंत मी हे सगळे बॅटरीच्या नजरेतून मोजत होतो. घाटात प्रश्न फिक्स किती सेकंदांत हा राहिला नाही, मिळतो की नाही हाच झाला. रिकाम्या स्मृतीचा पट्टा त्या झाडीत तासन्‌तास आंधळा राहिला असता.

नवीन नियम घातला. भरण्याच्या आधी चार उपग्रह तरी ३० च्या वर हवेत. नसतील तर हॉट फिक्स घेऊन झोपायचे आणि पुढच्या तासाला पुन्हा बघायचे. झाडीत ४० सेकंद ऐकत बसण्यात काही हशील नाही.

नाविकबद्दल, म्हणजे भारताच्या स्वतःच्या दिशादर्शक उपग्रहांबद्दल, विद्यार्थी विचारत होते. त्याचे उपग्रह भूस्थिर आणि भूसमकालिक कक्षांत, भारताच्या आभाळात कायम उंच, घाटाला फार अनुकूल. डॉप्लरही अगदी थोडा, त्यामुळे शोधाचा पट्टा अरुंद. संदेश मात्र वेगळा आहे: १२ सेकंदांची एक सबफ्रेम, चारांची ४८ सेकंदांची मुख्य फ्रेम, मुख्य माहिती पहिल्या दोनांत. म्हणजे ऐकणे निदान २४ सेकंद. त्याच्या एल-५ या वेगळ्या वारंवारतेसाठी अँटेनाही वेगळी लागेल. २९ मे २०२३ ला गेलेला नाविकचा एनव्हीएस-०१ उपग्रह एल-१ वरही, म्हणजे जीपीएसच्याच वारंवारतेवर, सिग्नल देतो, त्यामुळे पुढच्या पट्ट्यात एकाच अँटेनावर दोन्ही घेता येतील. या हंगामात हात लावत नाही.

७ डिसेंबर

कळप खाली पोचून स्थिरावला. भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढ्या बसवतायत, आभाळ मोकळे, भरणे एकामागून एक पूर्ण. मुख्य बॅटरीचा उतार हिशेबाच्या रेषेवर आहे.

दोन गोष्टी उरल्या. एक, मोडेम उठतोच तर सर्व्हरवरून एफेमेरिस खाली घेऊन यूबीएक्स-एड-ईपीएचने मॉड्यूलला देता येईल. सर्व्हरवर सरकारी स्थानकांचे ताजे एफेमेरिस घ्यायला एक छोटी स्क्रिप्ट पुरेल. रेंज असेल त्या दिवशी दोन भरणे वाचतात, पण मोडेमचे वाढलेले सेकंद मोजल्याशिवाय ते चालू करणार नाही. दोन, कातरणीनंतर पट्टा सैल होतो आणि गळ्याखालची डबी झुलते. फाल्गुनाच्या आत खाली जाऊन बकल बदलून यायचे. आप्पांना मापाची जुनी दोरी जपून ठेवायला सांगितली आहे.